सरासरीची सरासरी : रोजनिशीतील काही पाने

मंगळवार, १० जून २०२५

वटपौर्णिमा. गावठाणातल्या वडाभोवती सकाळी सातलाच गर्दी. बावीस मजल्यांवरून लिफ्टने उतरून बायका तिथवर चालत जातात. आमचं ताथवडे महापालिकेत आलं २००९ साली. वड त्याच्या कितीतरी आधीचा.

ऑफिसात मात्र नाचक्की झाली. आमचं सॉफ्टवेअर चाकणच्या एका कारखान्यातल्या मशीनच्या नोंदी गोळा करतं. प्रत्येक मशीनची नोंद वेगळी. प्रेसची वेगळी, सीएनसीची वेगळी, बोल्ट आवळणाऱ्या नटरनरची वेगळी. अशा चौदा तऱ्हा. प्रत्येकीसाठी चार कामं: फाइलमध्ये लिहिणं, फाइलमधून वाचणं, पडद्यावर दाखवणं आणि दोन नोंदी सारख्या आहेत का ते पाहणं. चौदा चोक छप्पन्न फंक्शनं, सगळी हाताने लिहिलेली.

मार्चमध्ये नटरनरच्या नोंदीत टॉर्कबरोबर कोनही घ्यायला लागलो. लिहिणं, वाचणं, दाखवणं या तिन्हींत कोन घातला, तुलनेत विसरलो. त्यामुळे वेळ आणि टॉर्क तेच पण कोन वेगळा अशा दोन नोंदी मशीनने पाठवल्या, की दुसरी ‘डुप्लिकेट’ म्हणून गळायची. तीन महिने. आज त्यांच्या क्वालिटीच्या माणसाने शांतपणे विचारलं, “आमचे बोल्ट मोजल्यापेक्षा कमी कसे?”

बदल माझाच होता. कोणाकडे बोट दाखवायची सोय नाही.

गुरुवार, १२ जून

माळ्यावरून जुनी वही काढली. नव्वदच्या दशकात पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात रुस्तम मोदी फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकवत. भाषा होती मार्क जोन्स यांची गोफर, हॅस्केलचं धाकटं भावंड. मोदींनी तिला आपल्याला हवं तसं वळण देऊन पुगोफर केली, म्हणजे पुण्याची गोफर. आम्ही पोरं कुरकुरायचो, की बाहेर नोकऱ्या सी मध्ये आणि इथे हे काय? मग नोकरी लागली, सी आणि सी प्लस प्लसमध्ये पंचवीस वर्षं गेली, वही माळ्यावर गेली.

वहीत एका पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: “कुठलीही माहिती ‘हे आणि ते’ किंवा ‘हे अथवा ते’ यांतूनच बनते.” नटरनरची नोंद म्हणजे वेळ आणि टॉर्क आणि कोन. मशीनची स्थिती म्हणजे चालू अथवा बंद अथवा बिघाड. एखादं काम आकड्यासाठी कसं करायचं, मजकुरासाठी कसं, ‘आणि’साठी कसं आणि ‘अथवा’साठी कसं, एवढं एकदा सांगून ठेवलं, की त्यांतून बनलेल्या कुठल्याही नोंदीसाठी ते काम आपोआप तयार. छप्पन्न नाही, चार.

यावर फंक्शनल भाषांच्या लोकांनी पुढे पुष्कळ काम केलं. यान्सन आणि यूरिंग यांची पॉलिपी १९९७ची. लेमेल आणि पेटन जोन्स यांच्या २००३च्या निबंधाचं नावच ‘स्क्रॅप युअर बॉयलरप्लेट’, म्हणजे तेच ते लिहिणं भंगारात काढा.

टीममधल्या साताऱ्याच्या पोरीला पान दाखवलं. ती म्हणाली, “सर, रस्टमध्ये हे आहे की. वर ‘डिराइव्ह’ची एक ओळ लिहायची, तुलना कंपायलरच करून देतो.” खरंय. रस्टने ते हॅस्केलच्या ‘डिरायव्हिंग’वरून उचललं. आमचा कोड मात्र सी प्लस प्लसचा, आणि तोही २०१७च्या आवृत्तीचा. ग्राहकाचा कंपायलर त्याच्या पुढे जात नाही.

शनिवार, १४ जून

संध्याकाळी भोसरीला मामाच्या शॉपवर. गेली तीस वर्षं तो फिक्स्चर बनवतोय. त्याला माझी अडचण सांगितली. हातातला प्लग गेज पुढे करत म्हणाला, “हे बघ. एक टोक गो, दुसरं नो-गो. गो आत गेलं पाहिजे, नो-गो अडकलं पाहिजे. भोक पंपाच्या बॉडीतलं आहे की ब्रेकच्या, गेजला काय करायचंय?”

मला जेनेरिक प्रोग्रॅमिंगबद्दल, म्हणजे एकदाच लिहून कुठल्याही नोंदीला चालणाऱ्या कोडबद्दल, जे सांगायचं होतं, ते मामाने माझ्याआधी सांगून टाकलं. गेज ‘काहीही चालेल’ म्हणत नाही. ‘मला एवढंच हवं, आणि तेवढं मात्र हवंच’ असं म्हणतो. जेनेरिक म्हणजे सैलपणा, असं माझ्यासकट पुष्कळांनी धरून ठेवलंय. खरं तर ती मोजकी पण कडक मागणी असते.

सी मध्येही जेनेरिक आहेच. तिची जुनी क्यूसॉर्ट कुठलीही यादी लावून देते, तुलना कशी करायची ते फंक्शन तिच्या हातात द्यायचं. कल्पना फंक्शनल वळणाचीच. पण तिथे सगळा माल ‘व्हॉइड पॉइंटर’ या एकाच बिनलेबलच्या पोत्यातून येतो. आकड्यांच्या यादीला मजकुराची तुलना लावली तरी कंपायलर हूं की चूं करत नाही. पोतं नको, गेज हवं, ही मांडणी एमएल भाषेकडून आली. रॉबिन मिल्नर यांचा त्यावरचा निबंध १९७८चा. टाइप तुम्ही लिहू नका, मी शोधतो आणि चुकलात तर अडवतो, असं म्हणणारी ती भाषा.

निघताना मामी म्हणाली, “जेनेरिक म्हणजे ते स्वस्तातलं औषध ना रे?” म्हटलं, तसंच काहीसं. नाव पुसलं तरी आतला गुण तोच हवा.

मंगळवार, १७ जून

पहिला टप्पा उभा राहिला. प्रत्येक नोंदीने आपल्या रकान्यांची यादी एकदाच सांगायची: नाव आणि जागा. ती एका ‘टपल’मध्ये बसते आणि चारही कामं त्या यादीवरून चालतात. २०१७च्या आवृत्तीतलं ‘फोल्ड एक्स्प्रेशन’ कामी आलं. नावासकट फंक्शनल भाषांमधून आलेली गोष्ट. ‘अथवा’साठी ‘व्हेरियंट’ आहे, ‘असेल किंवा नसेल’साठी ‘ऑप्शनल’. हॅस्केलवाले त्याला ‘मेबी’ म्हणतात.

पण पोरीने एका नोंदीच्या यादीत चुकून भलताच टाइप घातला आणि कंपायलरने दोनशे ओळींची एरर ओकली. तिने विचारलं, “यातली कुठली वाचायची, सर?” सी प्लस प्लसच्या टेम्प्लेटचं हे जुनं दुखणं. इनवर्डला तपासणीच नाही. जॉब सरळ मशीनवर चढतो, आत टूल मोडतं आणि मग तुकडे मोजत बसायचं. दाराशी गेज लावायची सोय, म्हणजे ‘कन्सेप्ट’, २०२०च्या आवृत्तीत आली. आमच्याकडे नाही. म्हणून ‘स्टॅटिक असर्ट’च्या तीन ओळींत मी हातचं गेज बनवलं. आता एरर एका ओळीची येते: या नोंदीने रकान्यांची यादी दिलेली नाही.

रात्री समोरच्या पीजीत मेसचे डबे आले. पोरगा बाइकला चाळीस डबे लटकवून येतो. कुठल्या डब्यात काय, त्याला माहीत नसतं. म्हणूनच आपण निर्धास्त असतो. तो डबा मागेपुढे करील, एखादा हरवील, पण भाजीत मीठ घालू शकणार नाही. फिलिप वॉडलर यांचा १९८९चा ‘थिअरम्स फॉर फ्री’ हा निबंध हेच सांगतो. फंक्शनला मालाचा टाइपच ठाऊक नसेल, तर ते काय काय करूच शकत नाही हे त्याच्या सहीवरूनच कळतं.

दुसऱ्या भाषांत गेल्यावर या डब्याचं काय काय झालं! सी प्लस प्लसमध्ये पोऱ्या वाटेत डबा उघडून बघू शकतो. टाइप आकडा असेल तर वेगळं वागा, असं टेम्प्लेटच्या आत लिहिता येतं. मग ती हमी गेली. जावात १९९८ साली ब्राचा, ओडर्स्की, स्टाउटमायर आणि खुद्द वॉडलर यांनी जीजे हा आराखडा दिला. त्यावरून २००४च्या जावा ५ मध्ये जेनेरिक्स आले. तिथे डब्यावरचं नाव कंपायलर तपासतो आणि मग पुसून टाकतो, कारण जुन्या मशीनवर जुना कोड चालता राहायला हवा होता. सी शार्पमध्ये केनेडी आणि साइम यांनी नाव शेवटपर्यंत ठेवलं. गो भाषेने तर २०२२पर्यंत हा डबा दारातच घेतला नव्हता. कल्पना एकच, पण प्रत्येक घरात तिला त्या घराच्या अडचणी सोसाव्या लागल्या.

गुरुवार, १९ जून

तुकोबांची पालखी आज आकुर्डी मुक्कामी. वाहतूक वळवलेली, त्यामुळे घरूनच काम. दुपारी स्कूटर लांब लावून तासभर बघून आलो.

दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. रथापुढे अमुक नंबरच्या, रथामागे अमुक. चहाला कुठल्या दोन दिंड्या एकत्र टेकल्या, कुठल्या तिघी झाडाखाली थांबल्या, याने काही बिघडत नाही. पहिली आणि दुसरी आधी एकत्र आल्या, का दुसरी आणि तिसरी, पुढे निघाल्यावर रांग तीच. नंबर मात्र उलटापालटा चालत नाही. शाळेच्या गणितात याला साहचर्य म्हणायचे. गट कसेही पाडा, क्रम मोडू नका, उत्तर तेच.

हे डोक्यात घोळायचं कारण दुसरा टप्पा. तीन शिफ्टचा दिवस, सहा दिवसांचा आठवडा, चार लाइनींचा प्लांट. सगळीकडे सारांश ‘जोडत’ जायचं. जोडणारं फंक्शन एकदाच लिहायचं. नोंदीने फक्त सांगायचं, की दोन सारांशांचा एक कसा करायचा. फंक्शनल भाषांत याला मोनॉइड म्हणतात. अट दोनच गोष्टींची: जोडणीला साहचर्य हवं, आणि जोडल्याने काहीच न बदलणारा एक ‘रिकामा’ हवा. गूगलच्या डीन आणि घेमावत यांनी २००४ साली मॅपरिड्यूस मांडलं, तेव्हा लिस्प आणि इतर फंक्शनल भाषांतल्या मॅप-रिड्यूसवरून ते सुचल्याचं त्यांनीच लिहिलं. हजारो यंत्रांवर काम वाटता येतं, ते या साहचर्याच्या जोरावर.

संध्याकाळपर्यंत कोड लिहून झाला. दिसायलाही देखणा.

रविवार, २२ जून

बल्गेरियाच्या सोफिया शहरात काल सी प्लस प्लसच्या समितीची बैठक संपली. २०२६च्या आवृत्तीत ‘रिफ्लेक्शन’ घ्यायचं ठरलं. म्हणजे कंपायलरलाच विचारायचं, या नोंदीत रकाने कोणते? मग आमची हाताने लिहिलेली यादीही नको. हॅस्केलवाल्यांना हे केव्हापासून मिळतंय.

सकाळी वळू माता प्रक्षेत्राच्या बाजूने फिरताना हिशोब केला: आमच्या ग्राहकाच्या कंपायलरपर्यंत ते पोचेस्तोवर मी निवृत्त झालेला असेन. असो. यादी हाताने लिहायला अकरा ओळी लागतात, त्याने कोणाचा जीव जात नाही.

गुरुवार, २६ जून

फोन आला. एकाच दिवसाचा एकाच लाइनीचा सरासरी सायकल टाइम सुपरवायझरच्या पडद्यावर ५१ सेकंद, मॅनेजरच्या पडद्यावर ४६. दोघेही आमचंच सॉफ्टवेअर बघताहेत.

तासाभरात सापडलं. तीन शिफ्टच्या सरासऱ्या ४०, ४४ आणि ६०. जॉब तिन्ही शिफ्टला सारखेच, म्हणजे खरी सरासरी ४८. माझी जोडणी अशी: दोन सरासऱ्या घ्या, बेरीज करा, दोनने भागा. पहिल्या दोन आधी जोडल्या तर ४२, मग ६० बरोबर ५१. शेवटच्या दोन आधी जोडल्या तर ५२, मग ४० बरोबर ४६. एका सर्व्हरने डावीकडून गट पाडले, दुसऱ्याने उजवीकडून. खरं उत्तर दोघांकडेही नाही.

त्याहून लाजिरवाणं पुढे. आज गुरुवार, एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी. सुट्टीच्या दिवसाचा ‘रिकामा’ सारांश मी शून्य धरला होता. ४८ मध्ये तो मिसळला की २४. कारखाना बंद ठेवला की मशीन दुप्पट वेगाने चालतात, असं आमचा अहवाल सांगत होता.

कंपायलरने यातलं काही पकडलं नाही. टाइप सगळे बरोबर होते. गेज व्यवस्थित आत गेलं होतं, फक्त मी गेज चुकीच्या मापाचं बनवलं होतं. आठवड्यापूर्वी दिंड्यांकडे बघत साहचर्याच्या गप्पा मारल्या आणि घरी येऊन नेमकं तेच मोडणारा कोड लिहिला. देखणा होता, एवढं मात्र खरं.

शुक्रवार, २७ जून

भुयारी मार्गात पाणी साचलेलं. तिथे अडकून बसलो असताना अलेक्झांडर स्टेपानोव्ह आठवले. सी प्लस प्लसमध्ये जेनेरिक प्रोग्रॅमिंग खऱ्या अर्थाने आणलं ते त्यांनी. त्यांची एसटीएल ही लायब्ररी १९९४ साली प्रमाण आवृत्तीत घ्यायचं ठरलं. त्याआधी त्यांनी याच कल्पना स्कीम या भाषेत घासून पाहिल्या, डेव्हिड मसर यांच्याबरोबर एडा या भाषेत बसवून पाहिल्या. आणि मूळ ठिणगी १९७६ची, सोव्हिएत संघातली. कच्चा मासा खाऊन विषबाधा झालेली, तापाच्या ग्लानीत त्यांना सुचलं, की आकड्यांची बेरीज अनेक यंत्रांवर वाटता येते, ती बेरजेला साहचर्य आहे म्हणून.

म्हणजे एसटीएलच्या मुळाशी कोडची चिन्हं नाहीत, नियम आहे. मी चिन्हं आणली, नियम माळ्यावरच्या वहीत ठेवला.

हॅस्केल वापरलं असतं तर हे टळलं असतं, असंही म्हणता येत नाही. हॅस्केलचा कंपायलरही मोनॉइडचे नियम तपासत नाही. सरासरीची सरासरी तिथेही निमूट कंपाइल झाली असती. फरक तिथल्या रिवाजात आहे. तिथे मोनॉइड लिहिला, की शेजारचा हटकून विचारतो, नियम पाळतोस ना? आमच्या टीममध्ये हा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

मंगळवार, १ जुलै

मीटिंग. चार निर्णय झाले, त्यांतले दोन माझ्या मनाविरुद्ध.

पहिला: सरासरी साठवायचीच नाही. एकूण वेळ आणि जॉबची संख्या साठवायची, जोडताना दोन्हींची बेरीज करायची, भागाकार शेवटी, पडद्यावर दाखवताना. सुट्टीचा दिवस म्हणजे वेळ शून्य, जॉब शून्य. तो मिसळल्याने काही बदलत नाही.

दुसरा: वेळ दशांशात नको, पूर्ण मिलिसेकंदांत. दशांशाची बेरीज संगणकात गटागटाने किंचित बदलते. तिथे साहचर्यही काटेकोर राहत नाही. हे पोरीच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

तिसरा: कोडमध्ये ‘मोनॉइड’ हा शब्द नको. लीड म्हणाले, “सर, नवीन पोरं घाबरतात. रात्री दोनला फोन आला तर ज्याला दुरुस्त करायचंय त्याला वाचता आलं पाहिजे.” मी तासभर भांडलो आणि मग गप्प बसलो. शब्द ठरला ‘जोडणी’, रोमन अक्षरांत. मोनॉइड म्हणून जे कोणी वाचलं नसतं, ते जोडणी म्हणून आज सातजणांनी वाचलं.

चौथा: ‘अथवा’साठीचं माझं एक चलाख टेम्प्लेट काढून टाकायचं. बिल्डला दीड मिनिट जास्त लागत होतं आणि वापर एकाच ठिकाणी. तिथे साधा स्विच. कबूल.

आणि पाचवी गोष्ट निर्णय म्हणून नोंदली गेली नाही, पण सगळ्यांत मोलाची ती. नियम तपासणारी चाचणी. क्लासेन आणि ह्यूज यांनी २००० साली हॅस्केलसाठी क्विकचेक काढलं. नियम तुम्ही सांगा, उदाहरणं यंत्र पाडेल. पुढे कितीतरी भाषांत त्याची भावंडं निघाली, सी प्लस प्लसमध्येही. आता कोणीही नवी जोडणी लिहिली, की यंत्र तीन-तीन सारांश यदृच्छेने घेतं, दोन्ही बाजूंनी गट पाडतं, रिकामा मिसळून बघतं. उत्तर हललं की बिल्ड अडतं. माझी जुनी जोडणी मुद्दाम तिला दिली. पहिल्याच फेरीत पकडली गेली.

रविवार, ६ जुलै

आषाढी. साबुदाण्याची खिचडी जरा जास्तच झाली. मामा-मामी आले होते. मामाला ४०, ४४, ६० चा किस्सा सांगितला. तो म्हणाला, “गेजसुद्धा कॅलिब्रेट करावं लागतं, बाबा. त्याचं सर्टिफिकेट असतं, त्यावर तारीख असते. गेज आहे म्हणून जॉब बरोबर, असं धरून चालणारा माणूस मी शॉपवर ठेवत नाही.”

तो गेल्यावर टीमच्या सूचनावहीत चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या भाषेतून तंत्र आणताना आधी त्याचा नियम साध्या मराठीत एका वाक्यात लिहा. तो तपासणारी चाचणी लिहा. मग कोड लिहा. नाव शेजारच्याला कळेल असं ठेवा.

शुक्रवारी चाकणहून पंधराव्या मशीनची नोंद आली, गळती तपासणाऱ्या यंत्राची. साताऱ्याच्या पोरीने ती एका फाइलमध्ये अकरा ओळींत जोडली. बाकी कुठल्याही फाइलला हात लागला नाही. तुलनेत सगळे रकाने आहेत.